ईदचा बोकड आणि मटणाचं पातेलं

ओमानमधल्या निझवा गावचा जनावरांचा बाजार शुक्रवारी सकाळी भरतो. किल्ल्याजवळच्या सूकला, म्हणजे जुन्या बाजारपेठेला, लागून एक आवार आहे. विकणारे आपापली शेळी, बोकड, मेंढा दोरीला धरून गोल गोल फिरवत राहतात आणि घेणारे दोन्ही बाजूंना दाटीने बसून बोली लावतात. एखादा म्हातारा हात लांब करून चालती शेळी थांबवतो, कास चाचपतो, ओठ वर करून दात बघतो, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवतो आणि मगच आकडा बोलतो. बकरी ईदच्या आधीच्या शुक्रवारी तर तिथे पाय ठेवायला जागा नसते.

त्या बाजारातून घरी आलेल्या बोकडाचे पुढचे काही दिवस लाडाचे असतात. आयुष्यभर वादींमधून, म्हणजे कोरड्या खडकाळ नदीपात्रांमधून, काटेरी झुडपं ओरबाडत फिरलेलं जनावर एकदम अंगणात येतं आणि समोर जवाची घमेली, खजूर, रोटीचे तुकडे, उरलेला भात असं सगळं हात जोडून उभं राहतं. कुर्बानीचं जनावर धष्टपुष्ट दिसावं हा हेतू चांगलाच असतो. पण अशा लाडातलं एखादं जनावर रात्री नीट रवंथ करत बसलेलं असतं आणि सकाळी पाय ताणून मरून पडलेलं सापडतं. मग साप चावला, कुणी काही खायला घातलं, नजर लागली, अशी बोलणी सुरू होतात. आपल्याकडे माणदेशात किंवा नगरच्या पठारावर मेंढपाळांच्या तोंडी हीच तक्रार असते, आणि तिच्यात एक नेमकं निरीक्षणही असतं: रोगट, मरतुकडं कोकरू वाचतं आणि कळपातलं सगळ्यात चांगलं कोकरू जातं.

या रोगाला आपले शेळीपालक आणि पशुवैद्य आंत्रविषार म्हणतात. तो घडवणारा जंतू क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम वेल्च आणि जॉर्ज नटॉल यांनी 1892 मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. माती, धूळ, लेंड्या, सांडपाणी, निरोगी जनावराचं आतडं, निरोगी माणसाचं आतडं, सगळीकडे तो असतो. प्राणवायू त्याला सोसत नाही. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती टणक कवच तयार करून बीजाणू होतो, आणि हा बीजाणू वाळवंटातलं ऊनही काढतो, उकळतं पाणीही काढतो. कोणतं विष बनवतो यावरून त्याचे गट पाडले आहेत. 2018 पासून ते ए ते जी असे सात मानले जातात. शेळ्यामेंढ्यांचा आंत्रविषार मुख्यतः डी गटाचा. माणसाला बिर्याणीतून होणारी विषबाधा एफ गटाची.

जंतू बाहेरून कुठून आला, हा प्रश्न म्हणूनच इथे फारसा कामाचा नाही. तो आधीपासून मुक्कामाला होताच. त्याला एवढं खायला कुणी घातलं, ते शोधायचं. जनावराच्या पोटातही तेच आणि स्वयंपाकघरातल्या पातेल्यातही तेच.

आधी पोटात काय होतं ते पाहू. रवंथ करणाऱ्या जनावराचं कोटीपोट चाऱ्यासाठी घडलेलं असतं. तिथले सूक्ष्मजीव काडीकचरा फोडतात, आणि कोणत्या चाऱ्यावर काम करायचं याची घडी बसायला त्यांना दोन आठवडे तरी लागतात. एकदम धान्य आलं की ते सगळं कोटीपोटात पचत नाही. बराच पिष्टमय भाग तसाच पुढे लहान आतड्यात उतरतो. तिथे एरवी थोडक्या संख्येने, उपाशीपोटी असलेला हा जंतू त्या पिठावर तुटून पडतो. संख्या भरमसाट वाढते आणि तो एप्सिलॉन नावाचं विष सोडतो. हे विष बाहेर पडतं तेव्हा जवळजवळ निरुपद्रवी असतं. आतड्यात अन्न पचवण्यासाठी असलेला ट्रिप्सिन हा पाचकरस त्याचा एक तुकडा कापतो आणि त्या कापण्यानेच ते जहाल होतं. विष आतड्याची भिंत सैल करतं, स्वतःच त्या भिंतीतून रक्तात शिरतं, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतं. मेंदूला सूज येते. म्हणून जनावर मान मागे टाकतं, दात खातं, पाय झाडतं. मेंढीत अनेकदा एवढंच दिसतं आणि काही तासांत खेळ संपतो.

शेळीत चित्र थोडं वेगळं असतं. तिच्या मोठ्या आतड्यालाही दाह होतो, पातळ हगवण लागते, तिच्यात शेंब आणि आतड्याच्या अस्तराचे पापुद्रे दिसतात, पोटदुखीने ती कण्हते, ओरडते. काही शेळ्यांत दुखणं चार-सहा दिवस रेंगाळतं, आणि काहींत ते अधूनमधून उलटत राहतं. रेंगाळणाऱ्या दुखण्यात ओळख पटवणं कठीण जातं, कारण करडांना हगवण लावणारे आणखी बरेच आहेत. कॉक्सिडिया हा परजीवी त्यातला मोठा; ओमानी शेळ्यांमधल्या त्याच्या उपद्रवाचा सुलतान काबूस विद्यापीठातल्या पशुवैद्यक अभ्यासकांनी बराच पाठपुरावा केला आहे. धान्य जास्त झाल्यावर कोटीपोटात नुसतं आम्ल वाढूनही जनावर दगावतं, तो प्रकार पुन्हा निराळा. त्यामुळे मेलेलं जनावर पशुवैद्याकडून उघडून घेण्याला पर्याय नाही. हृदयाभोवतीच्या पिशवीत पिवळसर पाणी, त्यात जेलीसारखी गुठळी, मूत्राशयातल्या मूत्रात साखर अशा खुणा सापडल्या की आंत्रविषाराचा संशय पक्का होतो आणि आतड्यातल्या पदार्थात विष तपासून खात्री करता येते. मऊ पडलेलं मूत्रपिंड ही पुस्तकात दिलेली प्रसिद्ध खूण आहे, पण उन्हाळ्यात काही तास पडून राहिलेल्या कोणत्याही जनावराचं मूत्रपिंड मऊ होतं. ओमानमध्ये काय, विदर्भात काय, मे-जूनमध्ये त्या खुणेवर विसंबू नये. जनावर मेल्यावर जितक्या लवकर डॉक्टर येतील तितकं उत्तर खरं मिळेल.

उपचाराबद्दल आशा लावावी अशी स्थिती नाही. लक्षणं दिसेपर्यंत विष मेंदूपर्यंत गेलेलं असतं. प्रतिविष मिळालं आणि दुखणं सौम्य असलं तर एखादं जनावर वाचतं. खरं काम आधी करायचं असतं, आणि ते दोन प्रकारचं: लस आणि खाणं.

लसीच्या बाबतीत आपल्याकडची रीत शेळीपालकांना पाठ असते. महाराष्ट्रात आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये देतात. पुण्यात औंधला पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे, ती जनावरांच्या लसी बनवते. पावसाळ्याच्या तोंडावर का, तर पहिल्या पावसानंतर माळ हिरवा होतो, कोवळ्या लुसलुशीत गवतावर कळप तुटून पडतो आणि आहारात एकदम बदल होतो. म्हणजे ही तारीख खरी पावसाची नाही, चाऱ्याची आहे. आपल्याकडे चारा पावसाने बदलतो म्हणून दोन्ही जुळून येतात, इतकंच.

ओमानमध्ये हे उघड दिसतं. तिथे एकाच देशात तीन निरनिराळी वेळापत्रकं आहेत. दक्षिणेला धोफारच्या डोंगरात जून ते सप्टेंबर खरीफ असतो. तोच नैऋत्य मोसमी वारा, धुकं, रिमझिम, आणि उघडे डोंगर हिरवेगार. तिथल्या गुराख्याला आपल्या सह्याद्रीतल्या धनगराचं पंचांग चालेल. उत्तरेच्या डोंगराळ आतल्या भागात आणि अल-बातिना किनारपट्टीत पाऊस बेभरवशाचा. तिथे हिरवा चारा म्हणजे फलजच्या (पारंपरिक पाटाच्या) किंवा विहिरीच्या पाण्यावर वाढवलेला लसूणघास, जो वर्षभर थोडा थोडा मिळतो. किनाऱ्यावर तर वाळूत पसरून वाळवलेल्या तारलीचाही खुराकात वापर होतो. या भागात आहार एकदम बदलतो तो ईदच्या आधी, जनावर वजनावर आणण्यासाठी जवाची गोणी उघडली की. आणि ईद चांद्र कॅलेंडरने येते, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. ओमानमध्ये 2024 साली बकरी ईद 17 जूनला होती, 2025 साली 6 जूनला. लसीची तारीख सूर्याच्या कॅलेंडरवर खिळवून ठेवली तर काही वर्षांतच ती चुकीच्या जागी जाऊन पडते. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या जनावराला काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात आणि दुसऱ्या मात्रेनंतर प्रतिकारशक्ती भरायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे खुराक वाढवण्याच्या दिवसापासून दीड महिना मागे मोजायचं.

हे मोजणं अर्थात पाळणाऱ्याने करायचं आहे. आठ दिवस आधी बाजारातून बोकड आणणाऱ्याच्या हातात ते नाही. तेवढ्यात लस उपयोगीही पडत नाही, शिवाय लस टोचल्यावर कत्तलीआधी ठरावीक दिवस थांबा अशी सूचना अनेक लसींच्या वेष्टनावर असते. शेळ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पशुवैद्य कळकळीने सांगतात. ही लस मेंढीत जशी काम करते तशी शेळीत करत नाही. संरक्षण कमी मिळतं आणि लवकर ओसरतं. मेंढीला वर्षातून एकदा पुरत असलं तरी शेळीला सहा महिन्यांनी, जोखीम जास्त असेल तिथे त्याहूनही लवकर, पुन्हा टोचावी लागते. गाभण शेळीला विण्याआधी काही आठवडे लस दिली तर चिकातून करडांना पहिल्या दोनेक महिन्यांचं संरक्षण मिळतं. मात्र करडू जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटभर चीक प्यायला हवं.

खाण्याचं पथ्य मात्र कुणालाही पाळता येतं, बाजारातून कालच बोकड आणलेल्यालाही. पहिले दोन दिवस वाळला चारा आणि पाणी, बस. मग धान्य मूठभर, तेही चारा खाऊन झाल्यावर, उपाशीपोटी कधीच नाही. दिवसाचा खुराक दोन-तीन वेळा विभागून. वाढवायचा तो दहा-पंधरा दिवसांत हळूहळू, आणि तेवढे दिवस हाताशी नसतील तर वाढवायचाच नाही. आठ दिवसांत अंगावर येणारं मांस असं कितीसं असतं? कळपात गव्हाणीची लांबी पुरेशी ठेवायची. दांडगं करडू दुसऱ्याचा वाटा खातं आणि तेच मरतं. मेंढपाळाला दिसलेलं ते कोडं इथे सुटतं. भात, पाव, खजूर खायला घालणाऱ्या मुलांना रागावू नये. चाऱ्याची पेंढी त्यांच्या हातात द्यावी.

आता स्वयंपाकघराकडे येऊ. तिथेही हाच जंतू आहे आणि सुटतोही तसाच, भरपूर अन्न एकदम मिळालं की. मटण शिजताना त्याच्या साध्या पेशी मरतात, बीजाणू मरत नाहीत. उलट त्या उष्णतेने ते जागे होतात. उकळल्यामुळे रश्श्यातला प्राणवायूही निघून गेलेला असतो. म्हणजे प्रतिस्पर्धी जंतू मेलेले, प्राणवायू नाही, प्रथिनं भरपूर. आता फक्त तापमान उतरायचं बाकी असतं. 50 अंशांच्या खाली आलं की वाढ सुरू होते आणि 43 ते 47 अंशांच्या दरम्यान ती सगळ्यात वेगवान असते. दुप्पट व्हायला दहा मिनिटांच्या आसपास वेळ पुरतो. या वेगाने शंभर पेशींच्या दहा लाख पेशी व्हायला सव्वादोन तास लागतात.

मस्कतच्या आग्नेयेला कुरियात नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. 26 जून 2018 रोजी तिथलं चोवीस तासांतलं सर्वांत कमी तापमान 42.6 अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. रात्रीसुद्धा पारा त्याखाली उतरला नाही. जगात इतकं जास्त किमान तापमान त्याआधी नोंदलं गेलेलं नव्हतं. त्या रात्री ओट्यावर झाकून ठेवलेलं मटणाचं पातेलं कितीही तास ठेवलं तरी या जंतूच्या आवडत्या तापमानाच्या खाली फारसं गेलंच नसतं. कुरियातची ती रात्र टोकाची होती, पण आखातातला कोणताही उन्हाळा, किंवा आपल्याकडचा चंद्रपूर-अकोल्याचा मे महिना, त्याच दिशेला आहे. मोठ्या पातेल्याची अडचण तर थंडीतही असतेच. वीस लिटर रस्सा वरून कोमट लागतो तेव्हा मध्यभागी तो अजून गरम असतो, आणि तो मधला भाग धोक्याच्या पट्ट्यातून तासन्‌तास रेंगाळत खाली येतो.

ओमानी ईदचं शुवा हे या दृष्टीने शिकण्यासारखं आहे. मसाला चोपडलेलं मांस केळीच्या किंवा खजुरीच्या पानांत बांधतात, वस्तीचा मिळून जमिनीत एक खोल खड्डा असतो, त्यातल्या रसरसत्या निखाऱ्यांवर सगळ्यांची गाठोडी उतरवून तोंड मातीने लिंपतात आणि एक-दोन दिवसांनी उघडतात. एवढा वेळ मांस जमिनीत राहतं हे ऐकून आपल्याला धास्ती वाटते. पण खड्ड्याचं तोंड घट्ट आणि आच पुरेशी असेल तोवर आतलं तापमान जंतू वाढण्याच्या बरंच वर असतं. जोखीम सुरू होते गाठोडं बाहेर काढल्यावर. ते लगेच सोडून, वाढून, संपवलं तर प्रश्न नाही. पाहुणे येत-जात राहिले आणि ताट दुपारपासून संध्याकाळपर्यंत मजलिसमध्ये (बैठकीच्या खोलीत) तसंच राहिलं, तर आहे.

आपल्या लोकांची गोष्टही वेगळी नाही. मस्कतमधली मराठी कुटुंबं रुवी, दारसैत, अल-खुवैर, घाला अशा भागांत विखुरलेली. सुट्टीच्या दिवशी चाळीस माणसांचं जेवण ठरतं, एका घराकडे मटण, दुसरीकडे वडे, तिसरीकडे भात. मटण सकाळी होतं कारण नंतर वेळ नसतो. मग ते डब्यात, गाडीच्या डिकीत, यजमानांच्या ओट्यावर, आणि रात्री नऊला पानात, कोमट. गावाकडच्या जत्रेतही हेच. वास बिघडत नाही, चव बिघडत नाही, उलट मुरलेलं मटण जास्त चांगलं लागतं, त्यामुळे जिभेवर भरवसा ठेवणाऱ्या सुगरणीलाही कळण्याचा मार्ग नसतो. आठ ते बारा तासांनी, म्हणजे पहाटे, पोटात मुरडा येतो आणि जुलाब सुरू होतात. ताप सहसा नसतो, उलट्याही फारशा नसतात. गिळलेल्या लाखो पेशी आतड्यात बीजाणू बनू लागतात आणि त्या घडामोडीत विष बाहेर पडतं, म्हणून हा उशीर. बहुतेकांचं दुखणं दिवसभरात थांबतं, आणि म्हणूनच त्याची नोंद होत नाही. एकट्या अमेरिकेत दरवर्षी सुमारे दहा लाख लोकांना हे होतं असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

उपाय पातेल्याचा आहे. गरम ठेवायचं तर 60 अंशांच्या वर, वाफा येतील असं ठेवा. थंड करायचं तर पटकन करा. अमेरिकेच्या अन्नसंहितेत 57 अंशांवरून 21 वर यायला दोन तास आणि तिथून 5 अंशांपर्यंत आणखी चार, अशी मर्यादा आहे. घरी थर्मामीटर नसतो, पण पसरट परात असते. रस्सा तीन-चार उथळ भांड्यांत ओतायचा, भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवून डावाने हलवायचं आणि तास-दीड तासात फ्रीजमध्ये. गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवू नये ही आपल्या घरांतली शिकवण मोठ्या पातेल्यापुरती बरोबर आहे; उथळ डब्यातली कोमट भाजी फ्रीजला सहज झेपते आणि ओट्यावर राहण्यापेक्षा शंभरपट बरी. खाण्याआधी पुन्हा गरम करताना कडेला बुडबुडे आले की गॅस बंद करू नका, सगळा रस्सा रटरटू द्या. वाढलेल्या पेशी उकळीने मरतात, आणि पेशी मेल्या की पोटात विष तयार होत नाही.

जनावराचं पोट आणि माणसाचं पातेलं या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे, ती पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात. तिथे सणाला डुकरं कापून जमिनीतल्या खड्ड्यात भाजत, दिवसचे दिवस खात, आणि नंतर मुलांची आतडी सडून ती मरत. 1960 च्या दशकात टिम मरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं कारण लावलं: हाच जंतू, सी गट, बीटा विष. हे विष ट्रिप्सिनने नष्ट होतं. पण तिथल्या मुलांचा रोजचा आहार रताळी. प्रथिनं इतकी कमी की शरीर ट्रिप्सिनच कमी बनवतं, आणि रताळ्यात ट्रिप्सिनला रोखणारे पदार्थही असतात. वर्षभर अर्धपोटी राहिलेल्या मुलासमोर एके दिवशी मांसाचा डोंगर आला की विष मोकाट सुटायचं. बोकडात जो पाचकरस विषाला धार लावतो, तोच या मुलांना वाचवू शकला असता. 1980 पासून तिथे मुलांना लस द्यायला सुरुवात झाली आणि हा रोग झपाट्याने घटला. उपासमारीनंतरची अचानक मेजवानी अशीच दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीतही नडली होती. तिथेही याच रोगाची साथ आली.

जनावराकडून माणसाकडे सरळ येणारे आतड्याचे जंतू निराळे, मुख्यतः साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर. त्यांचा रस्ता हातांवरून, कच्च्या मांसावरून आणि न उकळलेल्या दुधावरून जातो. बाजारात शेळीला कुरवाळलेले मुलांचे हात खाण्याआधी साबणाने धुवायचे, मांस कापलेल्या फळीवर कोशिंबीर चिरायची नाही, कुर्बानी शक्यतो पालिकेच्या कत्तलखान्यात करायची, आणि दूध शेळीचं असो की उंटिणीचं, उकळायचं. धोफारमध्ये तर कच्च्या दुधातून ब्रुसेलाही येतो. तो आतड्याचा जंतू नसला तरी महिनोन्‌महिने माणसाला ताप आणि सांधेदुखीने जेरीस आणतो.

जुलाब लागलेच तर पहिलं औषध पाणी, मीठ आणि साखर. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या आणि शेजाऱ्याकडून आणलेलं प्रतिजैविक घेऊ नये. रक्त पडलं, चांगला ताप आला, लघवी कमी झाली, किंवा रुग्ण तान्हं मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर घरी थांबू नये. डॉक्टरांना आदल्या दिवशी कुठे, काय, किती वाजता खाल्लं ते सांगावं, आणि त्याच जेवणाला बसलेल्या आणखी कुणाकुणाला त्रास होतोय तेही. उरलेलं मटण ओतून देण्याआधी त्यातलं वाटीभर स्वच्छ डब्यात, वर तारीख-वेळ लिहून, फ्रीजच्या एका कोपऱ्यात वेगळं ठेवावं. प्रयोगशाळेला ते लागतं.